बदलापूरचं स्वतःचं सोडून भांडुपला भाड्याने

गेल्या रविवारी नणंदेकडे डोंबिवलीला जेवायला गेलो होतो, तिथे पुरणपोळीवर तूप वाढता वाढता तिच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलंच, "अगं स्वतःचा एवढा मोठा ब्लॉक सोडून भाड्याच्या घरात जाऊन बसलात, काही अडचण आहे का गं?" अडचण म्हणजे पैशाची, किंवा नवऱ्याची नोकरी गेली, किंवा त्याहून काहीतरी वाईट. मी हसून "नाही हो मावशी, सहज" म्हटलं. सहज कोणी घर बदलतं का, पण पोळी गार होत होती आणि नीट सांगायला बसले असते तर मठ्ठा पण संपला असता. म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, गाडीत सीट मिळाली असेल तर वाचा.

आमच्या घराण्याचा प्रवास कायम उलट्या दिशेने झालाय. बाबा गिरणीत होते, परळला चाळीत १० बाय १२ ची खोली, आई सांगते भोंगा झाला की बाबा चपला घालायचे आणि चालत गेटवर. दुपारी जेवायला कधीकधी घरी यायचे. मग १९८२ चा संप, तेव्हा मी पाच वर्षांची, त्यानंतर काय झालं ते गिरणगावातल्या प्रत्येक घराला माहितीये. खोली विकून डोंबिवली. मग माझं लग्न झालं आणि २०१४ ला आम्ही स्वतःचं घ्यायला निघालो तोवर डोंबिवलीपण हातातून गेली होती, म्हणून बदलापूर. मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनपासून ६८ किलोमीटर. ज्या माणसाचं काम चालत पाच मिनिटांवर होतं त्याची मुलगी दोन तास प्रवास करून कामाला जायला लागली आणि सगळ्या नातेवाईकांनी त्याला प्रगती म्हटलं, कारण घर मोठं झालं होतं. टू बीएचके, बाल्कनी, समोर डोंगर.

घर बघायला आम्ही रविवारी गेलो होतो. सगळेच रविवारी जातात. बिल्डरची गाडी स्टेशनवर घ्यायला आली, ब्रोशरमध्ये स्टेशनपासून सात मिनिटं लिहिलेलं, आणि खरंच सात मिनिटं लागली कारण रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मला आज कोणी विचारलं तर मी एकच सांगते, घर बघायला जुलैतल्या सोमवारी सकाळी पावणेसातला जा. रिक्षाच्या लाईनीत उभे राहा, ब्रिज चढा, गाडीत शिरा, ऑफिसच्या खुर्चीवर बसेपर्यंतची वेळ लावा आणि संध्याकाळी परत या. मग टोकन द्या.

पण खरं सांगू, पहिली काही वर्षं बदलापूर झेपलं. ऑफिस फोर्टला होतं. सकाळी बदलापूरहूनच सुटणारी गाडी पकडायची, बसायला मिळायचं, थेट सीएसएमटी. संध्याकाळी पण सीएसएमटीला गाडी लागते तिथेच चढायचं, म्हणजे विंडो नाही तरी चौथी सीट. आमचा लेडीज डब्याचा ग्रुप होता, भाजी निवडणं, डोहाळजेवणं, दसऱ्याला डबा सजवणं, सगळं केलंय.

मग ऑफिस बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं, उतरायचं कुर्ल्याला. घरी सगळे खूश, "वा, जवळ आलं!" नकाशावर जवळ आलं खरंच, कुर्ला सीएसएमटीच्या १५ किलोमीटर अलीकडे. आणि तिथेच माझी वाट लागली. कारण कुर्ल्याला गाडी सुटत नाही, कुर्ल्याला ती भरून येते. संध्याकाळच्या गर्दीत कुर्ल्याला बदलापूर फास्टमध्ये चढणं म्हणजे काय ते ज्यांना माहितीये त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही. डब्यातल्या काही जणी तर दादरपर्यंत उलट्या जायच्या, बसून परत यायला. त्यात सकाळी कुर्ला वेस्टला शेअर रिक्षाची लाईन, पावसात तर विचारूच नका. (मेट्रो ३ झालीय ना, असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. झालीय, ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी आणि वर्षभराने पार कफ परेडपर्यंत, छान आहे, एसी आहे, पण कुर्ल्याला तिचं स्टेशन नाही.) म्हणजे घराचा हप्ता २० वर्षांचा आणि ऑफिस तिसऱ्या-चौथ्या वर्षी जागा बदलणार, तेही आपल्याला न विचारता. हे २०१४ ला एकाने तरी सांगायला हवं होतं. वडीलधारे सगळे "जागेत पैसा वाढतो" एवढंच सांगत होते.

तरी मी ओढत होते. डोळे उघडले ते लॉकडाऊनमध्ये. मार्च २०२० नंतर घरून काम सुरू झालं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आमच्या बेडरूममध्ये दुपारी तीनला ऊन येतं. पार कपाटापर्यंत येतं. सहा वर्षं हप्ता भरत होते त्या खोलीचा. शेजारच्या विंगमधले आजोबा रोज चार वाजता बासरी वाजवतात हेही तेव्हाच कळलं, सासूबाईंना त्यांचं नाव-गाव सगळं पाठ. रविवारी घरी असायचे की मी, पण रविवार म्हणजे दळण, इस्त्री, झोप आणि कोणाकडे तरी जायचं असेल तर मेगाब्लॉक. घर बघायला वेळ कुठे होता. त्या घरात राहायच्या त्या सासूबाई आणि मुलगा. मी जागी असताना तिथे असायचे ते ओट्यापाशी.

परत ऑफिस सुरू झाल्यावर एका रात्री हिशोबाला बसले, अकाउंट्सवाली बाई आहे, कागदावर मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही. दारापासून दारापर्यंत सव्वादोन तास, येऊन जाऊन साडेचार. वर्षाला २४० दिवस धरले तर १,०८० तास. २४ ने भागलं तर ४५. म्हणजे दरवर्षी दीड महिना, दिवस-रात्र धरून, मी गाडीत, रिक्षात आणि ब्रिजवर.

आता दुसरी बाजू. भांडुपहून मला दारापासून दारापर्यंत तास-पाच मिनिटं. रोजचे दोन तास वीस मिनिटं वाचतात. भाडं २७ हजार, बदलापूरच्या घराचं येतं १० हजार, हप्ता चालूच. म्हणजे महिन्याला १७ हजारांचा खड्डा, तासाला साधारण ३६० रुपये पडतात. हे मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "माझं कुठे धरलंयस?"

बरोबर होतं त्याचं. तो अंबरनाथ एमआयडीसीत आहे. बदलापूरहून बाईकने वीस मिनिटं. भांडुपहून त्याला एक तास वीस मिनिटं लागणार. म्हणजे त्याचे रोजचे दोन तास गेले. माझे दोन तास वीस मिनिटं वाचणार, त्याचे दोन तास जाणार, म्हणजे घराला मिळून रोजची वीस मिनिटं, १७ हजार रुपयांत! असा प्रस्ताव ऑफिसात कोणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी फाईल परत पाठवली असती.

त्या हिशोबावर आम्ही दोघं दोन वर्षं अडकलो होतो, भांडलो पण. आणि मग हळूहळू लक्षात आलं की मी सगळी मिनिटं एकाच भावाने धरतेय. तो सकाळी भांडुपहून निघणार म्हणजे गर्दीच्या उलट्या दिशेने. ठाण्याला गाडी बदलून डाऊनला, म्हणजे मुंबईबाहेर जाणाऱ्या गाडीत, बसायला मिळतं, तो झोपतो, कानात बातम्या लावतो, नाहीतर मोबाईलवर बुद्धिबळ. माझे सव्वादोन तास म्हणजे एका पायावर, बॅग पोटाशी, कोणाचातरी कोपर बरगडीत. बदलापूरला त्याच्यासाठी सकाळी साडेसातचा, माझ्यासाठी पहाटे साडेचारचा अलार्म, कारण सहाच्या आत तीन डबे भरून निघायचं. आणि संध्याकाळी तो सहाच्या आत घरी, मी पावणेनऊला, आणि पोळ्या कोण लाटणार? पोळ्या पावणेनऊला लाटल्या जायच्या. (हो, त्याने शिकायला हव्या होत्या. आता शिकलाय. पहिल्या महिन्यातल्या पोळ्यांचे फोटो टाकू का?) आता तो पावणेसातला येतो, मी साडेसातला. मुलगा आठवीत आहे, त्याच्याशी आठवड्यातल्या दिवशी बसून बोलायला लागले ते आत्ता. पहिले काही दिवस त्याला पण कळेना ही रोज का बोलतेय.

जून २०२५ ला शाळा सुरू व्हायच्या आधी सामान हलवलं. दुसऱ्याच आठवड्यात, ९ जूनला, मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाड्यांमधून खाली पडली. ती बातमी बघताना सासूबाई काही बोलल्या नाहीत. टीव्ही बंद केला आणि मला म्हणाल्या, चहा ठेवतेस का.

सासूबाईंचं मात्र नुकसान झालंय आणि ते कुठल्याच कागदावर मी धरलं नव्हतं. तिथे त्यांचं भजनी मंडळ होतं, खाली कट्टा होता, सकाळची देवळापर्यंतची फेरी होती, जूनमध्ये कोणीतरी जांभळं आणून द्यायचं. इथे तिसरा मजला, लिफ्ट आहे पण महिन्यातून चार दिवस बंद, खाली रस्ता असा की रिक्षा आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. तक्रार करत नाहीत. पण परवा फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "इथे काय, सगळं हाताशी आहे," आणि ते ज्या आवाजात सांगत होत्या तो मला ऐकायला बरा वाटला नाही. मुलाचं पण मैदान गेलं. आणि मला स्वतःला बदलापूरचा पाऊस आठवतो, डोंगरावरून खाली उतरताना दिसायचा. तसा तोही नेहमी गोड नव्हता म्हणा, जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती तेव्हा आम्ही दोन दिवस घरात बसून होतो, गाड्या बंद, लाईट नाही.

त्यामुळे सगळ्यांनी उठून जवळ राहायला या असं मी म्हणत नाहीये. १७ हजार आमच्याकडे निघतात कारण दोन पगार आहेत आणि मुलाची फी मराठी शाळेची आहे. निघत नसते तर आजही मी सकाळच्या बदलापूर गाडीत असते, आणि माझ्या ग्रुपमधल्या अर्ध्याहून जास्त बायका आजही आहेतच. आणि ज्यांना सुटणारी गाडी मिळते, ऑफिस स्टेशनला लागून आहे, त्यांचं लांबचं घरसुद्धा छान चालतं, माझंच पहिली काही वर्षं चाललं. मला राग फक्त त्या "स्वतःचं ते स्वतःचं" वाल्या वाक्याचा येतो. बदलापूरचं घर आहेच की माझं. सातबाराची जमीन लांब असली म्हणून कोणी रोज तिथे झोपायला जातं का? ते घर भाडं आणतंय, रिटायर झाल्यावर बघू, तेव्हा दुपारी तीनचं ऊन निवांत अंगावर घेईन.

असो. मावशी, तुम्ही फेसबुकवर आहात हे मला माहितीये, तेव्हा हे तुमच्यासाठीच. अडचण काही नाही.

एक आहे खरं तर. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट एप्रिल अखेरीला संपतंय आणि मालक ३१ मागतायत. भांडुप-कांजूर-विक्रोळी पट्ट्यात कोणाला वन बीएचके माहीत असेल तर इनबॉक्स करा. २७-२८ पर्यंत, डिपॉझिट लाखाच्या आत, दलाल नको. पहिला मजला असेल तर उत्तम, सासूबाईंचे गुडघे. आणि खाली बसायला कट्टा असेल तर हजार रुपये जास्त द्यायला तयार आहे.