पोट दुखतंय, बाई

दिवाळी झाली की आमच्या गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या भागात हे नवं नाही. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, वाकळा भरायच्या आणि ऊस तोडायला निघायचं, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरांची जोडी अशीच मोजतात. पोरं बरोबर गेली तर शाळा बुडते, म्हणून बरीच आजीपाशी राहतात. आई-बापाचं तोंड दिसतं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवते. तीन वर्षांपूर्वी एक मुलगा दर सोमवारी पोट धरून बसायचा. मी ओवा दिला, लिंबूपाणी दिलं. एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "गणित आलं की बरोबर दुखतं रे तुझं पोट!" तो काही बोलला नाही. दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. आरोग्य केंद्रात जंताची गोळी मिळाली, आजीने उतारा टाकला. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सांगितलं, "बाई, रविवारी त्याच्या आईचा फोन येतो. मग पोरगं रातभर झोपत नाही."

ते वाक्य मी त्याला का बोलले, याचं आजही वाईट वाटतं.

आमची मुलं 'नैराश्य' किंवा 'ताणतणाव' म्हणत नाहीत. ती म्हणतात करमत नाही, धडधडतंय, कशातच जीव लागत नाही. नाहीतर नुसतंच पोट दुखतं. मी ज्या प्रशिक्षणाला बसले, तिथे व्याख्या होत्या, लक्षणांची यादी होती, पण यातला एकही शब्द नव्हता. मग वर्गात ते ओळखायचं कसं?

योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे आहेत. आपल्या राज्यात २०२४ पासून मुलांवरचा ताण कमी करायला शाळांत 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आम्ही तो भिंतीवर रंगवलाय. पण आजीकडे बटणांचा फोन, तोही बऱ्याचदा रिचार्जविना. आणि बारा वर्षांचं लेकरू अनोळखी माणसाला फोन लावून काय सांगणार?

मागच्या हंगामात एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, वाटतं झोपावं आन उठूच नये." माझे हातपाय गार पडले. मी १४४१६ लावला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मुलीशीही बोलल्या. तिला एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, म्हणाल्या. दाखवायचं म्हणजे जिल्हा रुग्णालय, दोन एसट्या बदलून. आजीची दिवसाची मजुरी बुडाली, वर तिकिटाचे पैसे. पहिल्यांदा मी बरोबर गेले. दुसऱ्या तारखेला आजी गेलीच नाही, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. आमच्या शाळेचा पट ६४. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळा याहून लहान. मग हे बाहेरचे तज्ज्ञ आमच्यासाठी कुठे बसतात? तालुक्याला? जिल्ह्याला?

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक समुपदेशक द्या. ठरलेल्या वारी, ठरलेल्या शाळेत, तोच चेहरा. ऊसतोड मजुरांच्या गावांत ही नेमणूक दिवाळीआधी व्हावी, कारण मुलं एकटी पडतात ती तेव्हापासून. आणि आम्हा शिक्षकांना ऐकायला शिकवा. महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्यासाठी एक तास ठेवता येईल.

आता मी दर सोमवारी परिपाठ झाला की विचारते, "काल काय म्हणाली आई?" सुरुवातीला कुणी बोलत नव्हतं. आता एकेक सांगतं, आईच्या हाताला कोयता लागला, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपडीत, पाणी शिरलं, बाप रागावला. त्या दिवशी गणिताचा तास जातो. जाऊ दे.

पुढच्या महिन्यात ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी समुपदेशकाच्या मागणीचा ठराव आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत घेतोय, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायला. ऊसतोडीच्या गावांत शिकवणाऱ्या माझ्या बहीण-भावांनो, तुमच्या समितीतही घ्या. मजकूर हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.