१७०१ एरर आणि बाबांच्या फाइली: एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

उत्तर द्यायला चार दिवस लागले त्याबद्दल सॉरी. आधी जॉब कार्ड काढून बघितलं, पुतण्याला विचारलं आणि तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला फोटो मोठा करून नीट बघितला, मगच लिहायला बसलोय. तुमचं म्हणणं असं की वडिलांचा जुना पीसी-एक्सटी (ऐंशीच्या दशकातला कॉम्प्युटर) ठाण्याहून आमच्याकडे पुण्याला आणून दिलात, 'नुसतं एक कार्ड बसवायला' (हार्ड डिस्क चालवणारं कंट्रोलर कार्ड) आम्ही तीन आठवडे लावले आणि ६,८०० रुपये घेतले, घरी नेऊन लावला तर स्क्रीनवर १७०१ येऊन अडकतो, डिस्कऐवजी सीएफ कार्ड (कॅमेऱ्यात असायचं तसं मेमरी कार्ड) लावायचा स्वस्त पर्याय आम्ही सांगितलाच नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिस्क फॉरमॅट करून टाकली, त्यात बाबांनी लिहिलेलं सगळं होतं हे तुम्हाला आईंनी नंतर सांगितलं.

तर पहिलं हेच सांगतो सर, बाकी सगळं नंतर वाचा. बाबांचं लिखाण गेलेलं नाही. ते आमच्याकडे आहे, तुमच्या जॉब नंबरची चिठ्ठी लावलेला पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये आहे आणि एक कॉपी दुकानाच्या मशीनवर आहे.

मशीन देताना फॉर्मवर 'डेटा हवा आहे का' असं विचारलंय, तिथे तुम्ही नको लिहिलंय. त्यात तुमची काही चूक नाही, पस्तीस-छत्तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या मशीनमध्ये काय असणार असंच सगळ्यांना वाटतं. पण नको म्हटलं तरी मी जुन्या डिस्कला नवीन कार्ड लावायच्या आधी तिची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची जशीच्या तशी कॉपी, काढतोच, कारण नंतर काढता येत नाही. बीगलबोन नावाच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर चालणारा एक रीडर आहे आमच्याकडे, तो डिस्कवरचा कच्चा सिग्नलच उचलतो, लिहिताना कुठलं कार्ड होतं याच्याशी त्याला घेणं-देणं नसतं. ६१५ सिलिंडर (हेडच्या थांबायच्या जागा), चार हेड, म्हणजे २,४६० ट्रॅक (डेटाच्या गोल पट्ट्या), त्यातले पहिल्या फेरीत सदतीस वाचता आले नाहीत, डिस्क गरम होऊ देऊन परत परत फिरवल्यावर नऊ राहिले, आणि त्या नऊमध्ये बहुतेक डॉसच्याच (त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) फाइली होत्या.

चूक माझी कुठे झाली तर हे तुम्हाला फोन करून सांगायला पाहिजे होतं आणि मी सांगितलं नाही. तुम्ही न्यायला आलात त्या दिवशी मी दुकानात नव्हतो, पुतण्याने मशीन चालू करून दाखवलं, सी प्रॉम्प्ट (डिस्कवरून डॉस चालू झाल्याची खूण) आला, तुम्ही घेऊन गेलात आणि पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्येच राहिला. त्यामुळे इतके दिवस तुम्ही आणि आई काय समजून बसला असाल याचा विचार करून मला खरंच वाईट वाटतंय. आईंची मनापासून माफी मागतो.

मशीनमध्ये जिस्ट कार्ड (पडद्यावर भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड) आहे म्हणजे बाबा डॉसमध्ये मराठीत लिहीत होते (ते काम आयआयटी कानपूरला सुरू झालं, मग आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेकडे आलं, त्या काळात पडद्यावर देवनागरी उमटलेली बघायला लोक मुद्दाम येऊन उभे राहायचे). त्या फाइली इस्की कोडमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची जुनी सांकेतिक पद्धत) आहेत, आजच्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर नुसती विचित्र चिन्हं दिसतील, ते बघून फाइल खराब आहे समजून डिलीट करू नका. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडचा देवनागरी भाग इस्कीवरूनच बेतलेला असल्याने रूपांतर सरळ होतं, ते करून ठेवलंय, मूळ फाइली एका फोल्डरमध्ये आणि मोबाइलवर वाचता येतील अशा दुसऱ्यात. जोडाक्षरं नीट लागतायत का एवढं तपासायला मी दोन ओळी बघितल्या, पुढे वाचलं नाही. फाइलींची नावंसुद्धा इथे लिहीत नाही, ती तुमच्या घरातली गोष्ट आहे.

आता फॉरमॅट का केली ते. तुमचं जुनं कंट्रोलर कार्ड मेलेलं होतं, कंपनीचं नाव नसलेलं कार्ड, मशीन मेमरी मोजायचं आणि पुढे डिस्ककडे बघायचंच नाही. आजची हार्ड डिस्क एका मशीनमधून काढून दुसऱ्यात लावली की चालते कारण तिचा कंट्रोलर तिच्याच अंगावर असतो. तुमच्या एसटी-२२५ सारख्या एमएफएम (जुन्या पद्धतीच्या) डिस्कचं तसं नाही, डिस्क म्हणजे नुसत्या चकत्या, मोटर आणि हेड, सेक्टर (ट्रॅकचा एक तुकडा) कुठे सुरू होतो, त्याची खूण कशी लिहायची, बरोबर वाचलं की नाही हे कसं तपासायचं, हे सगळं कार्ड ठरवतं. प्रत्येक कंपनीने ते आपापल्या पद्धतीने ठरवलं. त्यामुळे एका कार्डाने लिहिलेलं दुसरं कार्ड सहसा वाचूच शकत नाही, दुसऱ्याच्या सांकेतिक खुणांनी लिहिलेली वही हातात आल्यासारखं. आम्ही बसवलेलं कार्ड वेस्टर्न डिजिटलचं आहे, त्याला ती डिस्क कोरीच दिसत होती, लो लेव्हल फॉरमॅट, म्हणजे ट्रॅक आणि सेक्टर नव्याने आखणं, केल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. हे सुद्धा तुम्हाला आधी समजावून सांगायला हवं होतं, मान्य.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर त्यातला एक आठवडा कार्ड शोधण्यातच गेला. बाकीचा वेळ कशात गेला ते सांगतो कारण 'कार्ड बसवलं' एवढं ते काम नाहीये. एक्सटीमध्ये एटीसारखा (त्याच्या नंतरच्या मॉडेलसारखा) सेटअप नसतो की आत जाऊन डिस्कचा टाइप निवडला, कार्डाच्या रॉममध्ये मोजक्याच डिस्कची टेबलं असतात आणि जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) लावून त्यातलं एक घ्यायचं, चुकीचं टेबल लागलं तर डिस्क चालते पण अर्धीच दिसते किंवा नसलेल्या सिलिंडरवर जायला बघते. मग डॉसच्या डीबग प्रोग्रॅममध्ये जी=सी८००:५ ही कमांड देऊन कार्डाच्या रॉममधला फॉरमॅट सुरू करायचा, आणि डिस्कवरच्या लेबलवर कारखान्यानेच खराब जागांची यादी दिलेली असते, सिलिंडर अमुक हेड तमुक, ती हाताने टाकायची. तुमच्या डिस्कचं लेबल पुसट झालं होतं, भिंगाने वाचून कागदावर उतरवलं, तो कागद बिलाच्या मागे लावलाय, फेकू नका.

आणि इंटरलीव्ह. यात मी स्वतः तीन दिवस घातले आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. डिस्क सेकंदाला ६० फेरे घेते, एका ट्रॅकवर १७ सेक्टर. ८ मेगाहर्ट्झचं मशीन एक सेक्टर वाचून पुढच्यासाठी तयार होईपर्यंत तो पुढचा निघून गेलेला असतो, मग तो परत यायला अख्खा फेरा थांबावं लागतं, एक ट्रॅक वाचायला सतरा-अठरा फेरे. म्हणून सेक्टरचे नंबर मुद्दाम अंतर सोडून टाकतात. तीनचा इंटरलीव्ह जमला तर तीन फेऱ्यांत ट्रॅक होतो, सेकंदाला साधारण १७० केबी, पण मशीनला तो जरा जरी घट्ट पडला तर एकदम ३० केबीवर येतं, आणि चार ठेवला तर निवांत १३० केबी. प्रत्येक वेळी पूर्ण डिस्क परत फॉरमॅट करायची, आधी अर्धा तास गरम होऊ द्यायची कारण हिचं हेड स्टेपर मोटरने पावलं मोजत जातं, थंड असताना आखलेले ट्रॅक गरम झाल्यावर किंचित सरकतात. तुमच्या मशीनला तीन जमला पण कधी कधी अडखळायचा, म्हणून चारवर ठेवला. हळू चालेल पण रोज चालेल.

आता १७०१. हा आकडा कार्डाच्या रॉममधून येतो, अर्थ एवढाच की कार्डाला डिस्क सापडली नाही किंवा तिने उत्तर दिलं नाही. तुम्ही लिहिलंय की 'दुकानवाल्यांनी सडकी राखाडी पट्टी तशीच ठेवली होती, ती काढून मी लॅमिंग्टन रोडवरून नवीन केबल आणून लावली तर १७०१ येतो'. सर, बहुतेक गडबड त्या नवीन केबलमध्येच आहे. फोटोत ती फ्लॉपीची केबल दिसतेय. दोन्ही ३४ वायरींच्या, दोन्हींना पीळ (मध्येच उलटवलेल्या काही वायरी) असतो, ५.२५ इंची फ्लॉपीचा कनेक्टर या डिस्कलाही फिट बसतो, म्हणून ओळखू येत नाही. लाल वायर एक नंबर धरून मोजा, फ्लॉपीच्या केबलला पीळ १० ते १६ ला असतो, हार्ड डिस्कच्या केबलला २५ ते २९ ला, आणि डिस्क सिलेक्टच्या (कुठली डिस्क ते सांगणाऱ्या) वायरी तिथेच येतात. तुमच्या डिस्कचा जंपर दोन नंबरवर आहे, पीळ योग्य जागी असला तरच कार्डाला ती पहिली डिस्क म्हणून दिसते. फ्लॉपीच्या केबलवर कार्ड पहिली डिस्क शोधतं आणि तिथे कोणीच नसतं. जंपर हलवू नका, आणि या केबलवर फॉरमॅट वगैरे करायला तर अजिबात जाऊ नका, जुनी केबल परत लावा.

ती राखाडी केबल दिसायला जुनी होती हे खरं, तपासलेली होती म्हणून ठेवली. पण तिच्यावर 'हीच लावा' अशी चिठ्ठी आम्ही लावली नाही, तेवढी लावली असती तर तुमची लॅमिंग्टन रोडची चक्कर वाचली असती. काल दुकानातल्या सगळ्या केबलींवर चिठ्ठ्या लावल्या.

अजून एक फोटोत दिसलं, मशीन टेबलाच्या बाजूला उभं ठेवलंय. आम्ही आडवं ठेवून फॉरमॅट केलंय, आडवंच वापरा, उभ्यात हेडवरचा भार बदलतो आणि ट्रॅक जरा जरा चुकायला लागतात. थंडीत पहिल्यांदा १७०१ आला तर एक मिनिट थांबून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करा, म्हाताऱ्या डिस्कला वेग घ्यायला वेळ लागतो. आणि मशीन हलवायच्या आधी दर वेळी पार्क कमांड द्या, ही डिस्क स्वतःहून हेड बाजूला नेत नाही. इथून निघताना आम्ही दिली होती, म्हणून घाट उतरून डिस्क शाबूत पोचली असणार.

सीएफ कार्डबद्दल मात्र मला वेगळं आठवतंय. सीएफ कार्ड जोडणारं एक्सटी-आयडीई कार्ड लावलं तर निम्म्या खर्चात होईल हे मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात की चालू होतानाचा तो आवाज आईला ऐकवायचाय. ते ऐकून मीच पुढे आग्रह केला नाही. आजही सांगतो, रोज वापरायचं असेल तर सीएफच लावा, आवाजासाठी ही डिस्क शेजारी राहू दे. बिलात कार्डाचे ३,२०० आहेत, बाकी मजुरी. मजुरी कमी करत नाही कारण काम तेवढं झालंय, पण इमेज आणि रूपांतराचे पैसे लावलेले नाहीत आणि लावणारही नाही.

मी पुढच्या शनिवारी ठाण्याला येतोय, दुसऱ्या एका कामाने. चालत असेल तर पेन ड्राइव्ह आणि एक तपासलेली केबल घेऊन घरी येतो, अर्ध्या तासाचं काम आहे, चार्ज नाही. जॉब कार्डवरच्या नंबरवर आज संध्याकाळी फोन करतो. आईंना तेवढं आधी सांगून ठेवा की फाइली सापडल्यात.