‘पैसे ओतल्याशिवाय डेक होत नाही’: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सांगली-मिरज काय किंवा सातारा-कराड काय, कॉलेजच्या पोरांच्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. हार्थस्टोन हा डिजिटल कार्ड गेम नव्याने सुरू केलेल्या कुणी “कुठला डेक (खेळायच्या 30 कार्डांचा गठ्ठा) बनवू?” असं विचारलं की तोच पुढे सरकवला जातो. मजकूर साधारण असा: “फुकट खेळणाऱ्याने लेजंड रँकची स्वप्नं बघू नयेत. चांगला डेक म्हणजे लेजंडरी कार्डांचा डेक. पैसे घालायचे नसतील तर असतील नसतील ती सगळी कार्डं फोडा आणि एकच महागडा डेक करा. त्यातलं एखादं कार्ड नसेल तर तेवढ्याच मॅनाचं दुसरं टाका. नाहीतर अॅग्रो खेळा, त्याला डोकं लागत नाही. आणि काहीही केलं तरी वर्षभरात सगळं वाया जाणारच आहे.”

आधी शब्द: लेजंड ही सर्वांत वरची रँक, लेजंडरी हा कार्डाचा सर्वांत दुर्मीळ दर्जा, मॅना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती, फोडणं म्हणजे कार्ड मोडून डस्ट घेणं आणि अॅग्रो म्हणजे वेगाने हल्ला करणारा डेक. मेसेजमधली एखादी गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या चुकीच्या आहेत, आणि फोडण्याचा सल्ला तर नव्या खेळाडूचं खातं पार खिळखिळं करणारा आहे. त्यामुळे सुरुवात तिथूनच.

“सगळी कार्डं फोडा आणि एकच महागडा डेक करा.”

आधी भाव बघा. कार्ड बनवायला लागणारी डस्ट (गेममधलं चलन), दुर्मीळतेच्या चढत्या दर्जाप्रमाणे: कॉमन 40, रेअर 100, एपिक 400, लेजंडरी 1600. फोडल्यावर हातात येणारी डस्ट: कॉमन 5, रेअर 20, एपिक 100, लेजंडरी 400. म्हणजे कॉमनची किंमत आठवा हिस्सा उरते, रेअरची पाचवा, एपिक आणि लेजंडरीची चौथा. एक लेजंडरी बनवायची तर चार लेजंडरी, किंवा 16 एपिक, किंवा 80 रेअर, किंवा 320 कॉमन फोडावी लागतात. एका कार्डासाठी 320 कॉमन फोडली की पुढचे तीन-चार स्वस्त डेक ज्या कार्डांवर उभे राहिले असते, ती कार्डं गेली. पुन्हा बनवायला प्रत्येकी 40 मोजावे लागणार.

फोडायचं काय, ते ठरलेलं आहे. एका डेकमध्ये कुठलंही कार्ड जास्तीत जास्त दोनदा चालतं, लेजंडरी एकदाच. त्यामुळे कॉमन, रेअर किंवा एपिकची तिसरी प्रत आणि लेजंडरीची दुसरी प्रत बिनधास्त फोडा. कलेक्शनमध्ये जादा प्रती एकदम फोडायचं बटण आहे, ते एवढंच काम करतं. सोनेरी कार्डं (त्याच कार्डांच्या चमकत्या आवृत्त्या) हा दुसरा साठा. सोनेरी कॉमन फोडली की 50, रेअर 100, एपिक 400 आणि लेजंडरी 1600 डस्ट मिळते. म्हणजे पॅकमधून (कार्डांच्या बंद पाकिटातून) निघालेली, तुमच्या उपयोगाची नसलेली सोनेरी लेजंडरी फोडली की हवी ती साधी लेजंडरी बनते, एका डस्टचाही तोटा नाही. कोअर संचातली (सगळ्यांना फुकट मिळणारी) कार्डं फोडताच येत नाहीत, तो हिशोब मांडूच नका.

नर्फ झालेल्या कार्डाचं वेगळं. कंपनीने एखादं कार्ड कमकुवत केलं की साधारण दोन आठवडे ते फोडल्यावर बनवायची पूर्ण किंमत परत मिळते. यावर विसंबून महागडा डेक करणारे एक गोष्ट विसरतात: परतावा फक्त ज्याला हात लावला त्या कार्डाचा असतो. एका कार्डाने डेक कोसळला तरी त्याच्यासोबत बनवलेल्या बाकीच्या तीन लेजंडरींचे प्रत्येकी 400 च मिळणार. महागड्या डेकची खरी जोखीम ही आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

“चांगला डेक म्हणजे लेजंडरी कार्डांचा डेक.”

कार्डाचा दर्जा म्हणजे ते पॅकमध्ये किती क्वचित निघतं, एवढंच. त्यावरून ताकद कळत नाही. लीरॉय जेंकिन्स ही लेजंडरी 5 मॅनात 6 चा हल्ला करते, समोर टाँट (आधी आपल्यालाच मारायला लावणारं कार्ड) असेल तर अडते आणि वर प्रतिस्पर्ध्याला दोन 1/1 (1 हल्ला, 1 हेल्थ) मिनियन, म्हणजे बोर्डवर उतरून लढणारी कार्डं, देऊन जाते. मेज या क्लासचं (जादूगार हिरोचं) फायरबॉल, म्हणजे एकदा वापरून संपणारा स्पेल, 4 मॅनात 6 डॅमेज देतं, टाँट त्याला अडवत नाही, आणि ते सुरुवातीपासून 2021 पर्यंत फुकटच्या बेसिक संचातलं कार्ड होतं. लीरॉय कुठल्याही क्लासला चालते, हा तिचा खरा फायदा. पण मेज खेळणाऱ्याने 1600 डस्ट तिच्यावर घालवण्याआधी दोन फायरबॉल डेकमध्ये आहेत का ते बघावं.

त्याहून मोठा मुद्दा शक्यतेचा. डेक 30 कार्डांचा. पहिली चाल तुमची असेल तर सुरुवातीला 3 कार्डं दिसतात, पुढे दर चालीला एक. चौथ्या चालीपर्यंत 7 कार्डं बघून होतात. मुलिगन (सुरुवातीची नको असलेली कार्डं बदलून घेणं) बाजूला ठेवला तर एकुलती एक लेजंडरी तोवर हातात येण्याची शक्यता 7 भागिले 30, म्हणजे 23 टक्के. तेच काम करणारं कॉमन कार्ड दोन प्रतींत असेल तर त्यातलं किमान एक येण्याची शक्यता 42 टक्के. आठव्या चालीपर्यंत हेच आकडे 37 आणि 61 होतात. दहापैकी सहा गेममध्ये जी लेजंडरी आठव्या चालीपर्यंत दिसतच नाही, ती असण्या-नसण्याने डेक ठरत नाही. डेक ठरतो उरलेल्या 29 कार्डांवर.

तीच गोष्ट एक मॅनाच्या कार्डांची. वेगवान डेकमध्ये ती 6 असतील, आणि मुलिगनमध्ये बाकी सगळं टाकून त्यांचाच शोध घेतला, तर पहिल्या चालीला त्यातलं किमान एक हातात असण्याची शक्यता साधारण 82 टक्के. तीच 4 असतील तर 67 टक्क्यांवर येते. ही कार्डं बहुतेक कॉमन, म्हणजे दोन जादा कार्डांचा खर्च 80 डस्ट. एवढ्या पैशात एवढा फरक पाडणारी लेजंडरी दाखवा.

आता पूर्ण डेकची बेरीज. 20 कॉमन आणि 10 रेअर शून्यापासून बनवली तर 1800 डस्ट, एका लेजंडरीपेक्षा 200 जास्त. 18 कॉमन, 8 रेअर, 4 एपिक असा भरदार डेक 3120 ला पडतो. प्रत्यक्षात याहून कमीच, कारण 2021 पासून कोअर संच सगळ्यांना फुकट आहे. क्लासची पातळी वाढवत गेलं की तो उघडत जातो, दरवर्षी बदलतो आणि त्यात काही लेजंडरीही असतात. डस्ट खर्च करण्याआधी आपल्या क्लासचं कोअर पूर्ण उघडलंय का ते बघणं ही पहिली पायरी. पुष्कळ जण ती गाळतात.

“एखादं कार्ड नसेल तर तेवढ्याच मॅनाचं दुसरं टाका.”

स्वस्त डेक सर्वांत जास्त बिघडतात ते इथे. डेक कोड (दुसऱ्याच्या डेकची यादी देणारा मजकूर) चिकटवला, चार कार्डं कमी दिसली, रिकाम्या जागा गेमला आपोआप भरू दिल्या, आणि मग सलग आठ गेम हरल्यावर “बजेट डेक चालत नाही” असं जाहीर केलं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भाव करणारा पोत्यावरचा शिक्का बघत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. कार्डाचंही तसंच करायचं. वर लिहिलेला मॅना आणि दर्जा सोडा, ते डेकमध्ये कुठलं काम करतं ते बघा.

उदाहरण घेऊ. ब्लडमेज थॅल्नोस: 2 मॅना, 1/1, स्पेल डॅमेज अधिक 1 (तुमचे स्पेल 1 जादा डॅमेज देतात), मेल्यावर एक कार्ड देतो. लेजंडरी, 1600 डस्ट. या एका कार्डात दोन कामं आहेत. कोबोल्ड जिओमॅन्सर 2 मॅनात 2/2 आणि स्पेल डॅमेज अधिक 1 देतो. लूट होर्डर 2 मॅनात 2/1, मेल्यावर एक कार्ड देतो. दोन्ही स्वस्त. आता तुमच्या डेककडे बघा. सगळं बोर्ड झाडणारे स्पेल तीन-चार असतील आणि ते एका डॅमेजने कमी पडत असतील तर जिओमॅन्सर. हात लवकर रिकामा होत असेल तर होर्डर. दोन्ही अडचणी असतील तर एकेक टाका आणि त्यासाठी डेकमधलं सर्वांत मंद कार्ड काढा. ‘2 मॅनाच्या जागी 2 मॅना’ म्हणून 3/2 चं साधं मिनियन टाकलंत तर मॅनाचा आलेख सुंदर दिसेल, पण स्पेल तोकडे पडतील आणि हातही रिकामाच राहील.

आपल्याकडे नसलेल्या प्रत्येक कार्डापुढे कागदावर एक काम लिहा: बोर्ड घेणं, समोरचं मिनियन मारणं, कार्ड ओढणं, हेल्थ भरणं, गेम संपवणं. मग आपल्याकडच्या कार्डांत तेच काम शोधा, मॅना एक इकडेतिकडे झाला तरी हरकत नाही. काम सापडलं नाही तर ते कार्ड त्या डेकचा कणा आहे असं समजा. रेनो जॅक्सन बघा. डेकमध्ये एकही कार्ड दुबार नसेल तर तो हिरोची हेल्थ पूर्ण भरतो, आणि अख्खा डेक त्या एका ओळीसाठी एकेरी कार्डांचा केलेला असतो. मॅलिगॉस स्पेल डॅमेज अधिक 5 देतो; त्याच्यावर बेतलेल्या डेकमधून तो काढला तर उरतात नुसते किरकोळ स्पेल. अशा डेकची स्वस्त आवृत्ती करूच नका. मेसेजमधलं अर्धं सत्य ते हेच: काही डेक खरोखर स्वस्तात होत नाहीत. तो डेक सोडून दुसरा निवडायचा, एवढाच त्याचा अर्थ.

“अॅग्रो खेळा, त्याला डोकं लागत नाही.”

वेगवान डेक स्वस्त पडतात, हे बरोबर. गेम सहाव्या-सातव्या चालीला संपणार असेल तर 8-10 मॅनाची महाग कार्डं लागतच नाहीत. पण डोकं लागत नाही हे वेगवान डेक नीट न खेळलेल्याचं बोलणं. कुठलं मिनियन मारायचं आणि कधी सगळं चेहऱ्यावर (थेट समोरच्या हिरोवर) टाकायचं, हे दर चालीला मोजावं लागतं. समोरच्याकडे बोर्ड झाडणारा स्पेल असेल या अंदाजाने दोन मिनियन हातात राखावी लागतात. शिवाय 2014 पासून गाजलेला वॉरलॉक या क्लासचा झू डेक स्वस्त असूनही निव्वळ चेहऱ्यावर धावणारा नव्हता, बोर्ड धरून ठेवणारा होता. तो स्वस्त का पडला, ते समजून घ्या. वॉरलॉकची हिरो पॉवर (प्रत्येक क्लासची कायम हाताशी असलेली खास चाल) 2 मॅना आणि 2 हेल्थच्या बदल्यात कार्ड देते, म्हणून कार्ड ओढणारी महाग कार्डं घ्यावीच लागत नाहीत. हंटरची हिरो पॉवर दर वेळी 2 डॅमेज थेट हिरोला देते, म्हणजे गेम संपवणाऱ्या कार्डाचं अर्धं काम तीच करते. पहिला बजेट डेक निवडताना क्लास याच कसोटीवर निवडावा.

छोट्या गेमचा एक फायदा आपल्याकडे विशेष. चाल 75 सेकंदांची असते. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी घाटात रेंज गेली तर लांबलेला कंट्रोलचा (सावकाश खेळणाऱ्या डेकचा) गेम हातचा जातो. पाच-सहा मिनिटांचा गेम त्याआधी संपलेला असतो.

“फुकट खेळणाऱ्याला लेजंड रँक नाही.”

रँकची शिडी अशी: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, प्रत्येकी 10 पायऱ्या (10 पासून 1 पर्यंत) आणि प्रत्येक पायरीला 3 तारे. डायमंड 5 पर्यंत सलग जिंकल्यावर जादा तारे मिळतात, त्यापुढे नाहीत. तिथून लेजंडला 15 तारे, म्हणजे हरलेल्यांपेक्षा 15 गेम जास्त जिंकायचे. 55 टक्के जिंकत असाल तर सरासरी 150 गेम, 52 टक्के असेल तर 375, 60 टक्के असेल तर 75. डायमंड 5 च्या खाली घसरता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. डेक थोडा कमकुवत असेल तर गेम वाढतात, दार बंद होत नाही. आणि 52 चे 55 करायला आधी मुलिगन सुधारा. तीन मॅनाचं आवडतं कार्ड पहिल्या हातात धरून बसण्याची खोड गेली तरी बराच फरक पडतो.

“वर्षभरात सगळं वाया जातं.”

2016 पासून स्टँडर्ड (फक्त अलीकडच्या संचांची कार्डं चालणारा) फॉरमॅट आहे आणि दर वसंतात सर्वांत जुन्या वर्षाचे सगळे संच एकदम बाहेर पडतात. म्हणून संच कधी आला यावर त्याचं आयुष्य ठरतं. वर्षाच्या पहिल्या संचाला साधारण 24 महिने मिळतात, मधल्याला 20, नोव्हेंबर-डिसेंबरच्या संचाला 16 च्या आसपास. 400 किंवा 1600 ची डस्ट शक्यतो पहिल्या संचावर घाला. जानेवारी ते मार्च या काळात, लवकरच बाहेर पडणाऱ्या संचांतलं काहीही बनवू नका. बाहेर पडलेली कार्डं वाइल्ड या जुनी कार्डंही चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये चालूच राहतात.

पॅक घेतानाही शिस्त हवी. पॅक 100 गोल्डचा (खेळून मिळणारं चलन), त्यात 5 कार्डं, किमान एक रेअर किंवा वरचं. प्रत्येक नव्या संचात पहिल्या 10 पॅकमध्ये एक लेजंडरी नक्की मिळते. त्यानंतर मात्र 40 पॅकपर्यंत वाट बघावी लागू शकते. त्यामुळे गोल्ड एकाच संचात न ओतता पहिली लेजंडरी निघाली की पुढच्या संचाकडे वळा. टॅव्हर्न ब्रॉल या वेगळ्या नियमांच्या खेळप्रकारातला आठवड्याचा पहिला विजयही एक पॅक देतो, तो सोडू नका.

हाच मेसेज दुसऱ्या कार्ड गेमलाही चिकटवला जातो, पण तिथले भाव वेगळे. मास्टर ड्युएलमध्ये एकाच दर्जाची तीन साधी कार्डं फोडली की त्याच दर्जाचं एक बनतं, म्हणजे फोडण्यातला तोटा दोन तृतीयांश. तिथे सुपर किंवा अल्ट्रा रेअर कार्ड बनवलं की त्याचा सीक्रेट पॅक 24 तासांसाठी उघडतो, म्हणून रत्नं (पॅक घ्यायचं तिथलं चलन) जमलेली असतील तेव्हाच बनवा. मॅजिक अरीनात डस्टच नाही, प्रत्येक दर्जाची वाइल्डकार्डं (त्या दर्जाच्या हव्या त्या कार्डाशी बदलता येणारी) वेगळी. तिथे 60 कार्डांच्या दोनरंगी डेकमध्ये रेअर वाइल्डकार्डं दोन रंग देणाऱ्या लँडवरच (मॅना देणाऱ्या कार्डांवरच) संपतात. एकरंगी डेक केला तर साध्या लँड फुकट असतात, आणि वाचलेली सगळी रेअर वाइल्डकार्डं खेळायच्या कार्डांवर घालता येतात.