शिबिरं भरवा, पण शिकवणार काय?

पुण्यात ऑनलाइन फसवणुकीची मोठी बातमी आली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, लोकच बेसावध, शिबिरं भरवा. दुसऱ्या बाजूचं, बँकांना धरा. इंग्लंडात बसून हे वाचताना मला राहून राहून वाटतं, शिबिरात शिकवतात काय, हे कुणीच का विचारत नाही?

मागच्या सुट्टीत बाबांबरोबर अशा एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते तळमळीने बोलत होते. एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवंच. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला. कुठेही लिहून ठेवू नका. बाबांचे मित्र, निवृत्त शिक्षक, घरी जाऊन लगेच कामाला लागले. 'Ganesh@123'चं 'Ganesh@124' झालं, आणि तेच बँकेला, ईमेलला, वीजबिलाला. सांगितलेला एकूण एक नियम त्यांनी पाळला होता, तरी खाती होती तितकीच उघडी राहिली. यात त्यांचा काय दोष?

हे नियम मुख्यतः अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २००३-०४ च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरले. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, असं सांगितलं. इथलं, म्हणजे ब्रिटनचं, राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र तर म्हणतं, एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द जोडा. मेतकूट, रिक्षा, दुर्बीण. (हेच तीन कृपया वापरू नका.) वही घरात नीट जपून ठेवत असाल तर लिहून ठेवायलाही त्यांची हरकत नाही.

इकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरी खातरजमा (ओटीपीसारखी) भारतात रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच सक्तीची केली. ब्रिटनमध्ये ती पूर्णपणे लागू व्हायला २०२२ उजाडलं. पण इथे एप्रिल २०२४ पासून घरगुती राउटर किंवा कॅमेरा सरसकट एकाच सोप्या पासवर्डसह विकायला कायद्याने बंदी आहे. ग्राहकाला शहाणं करण्याआधी कंपनीला जबाबदार धरलंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण शहाणपणालाही मर्यादा असते. २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले ते बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून. पुण्यातल्या एकाही खातेदाराच्या पासवर्डने ते थांबले नसते.

पुढच्या व्याख्यानात एवढंच शिकवा: ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत वेगळा आणि लांब ठेवा, कारण बाकी बहुतेक खाती तिथूनच रीसेट होतात. जमेल त्यांना तिथल्या तिथे, त्यांच्याच मोबाईलवर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप, सुरू करून द्या. आणि सोसायटीच्या लेटरहेडवर बँकेला एक पत्र जाऊ द्या: लॉगिनच्या चौकटीत (मॅनेजरमधला पासवर्ड) पेस्ट करायची बंदी उठवा, दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती काढा. बाबांच्या बँकेत आजही दोन्ही आहेत.