वासिंदवर एवढं लिहायला आहे काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका, वासिंद स्टेशनावरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचे मुख्य आक्षेप दोन. रेल्वेचा इतिहास म्हणजे 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी, मग कल्याणच्या पुढच्या, शहापूर तालुक्यातल्या वासिंदसारख्या आडबाजूच्या स्टेशनावर पानंच्या पानं कशाला? आणि इंग्रजांनी फुकटात रेल्वे दिली, त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही.

मीही ठाणेकरच, 1853 चा अभिमान मलाही आहे. पण ठाणे हे शेवटचं स्टेशन राहिलं ते जेमतेम वर्षभर. 1 मे 1854 ला गाडी कल्याणला गेली. वासिंदपर्यंतचा मार्ग 1 ऑक्टोबर 1855 ला सुरू झाला आणि तिथेच अडला. पुढचं आसनगाव अवघ्या सहा किलोमीटरवर, पण तिथे पोचायला 1860 उजाडलं! म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ नाशिककडच्या माणसाची आगगाडी वासिंदलाच सुरू व्हायची. थळ घाट, म्हणजे कसारा घाट, उतरायचा तो आग्रा रोडने, बैलगाडीतून नाहीतर पायी, आणि गाडी धरायची ती इथे. 1861 मध्ये गाडी कसाऱ्याला गेली, इगतपुरीला थेट 1865 मध्ये. घाटच तसा आहे, 37 फुटांमागे एक फूट चढ. आजही कसाऱ्याला मागून रेटायला बँकर इंजिनं लावतात.

आता ‘फुकटात’बद्दल. ही रेल्वे बांधणारी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ही लंडनची खासगी कंपनी. 1849 च्या करारात तिला भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी मिळाली. कमाई कमी पडली, तर फरक भरायचा हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या शहापूरच्या कुणब्याच्याही कनवटीतून. तोटा रयतेचा, व्याज भागधारकांचं. याला देणगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घाट बांधणाऱ्या इंजिनिअरांचं कौतुक मूळ लेखात आहेच, तेवढा परिच्छेद बहुधा नजरेतून सुटला असावा.

राहता राहिला वासिंदकडच्या भागाबद्दलचा तुमचा ‘तिथून येतं काय?’ हा टोमणा. मे महिन्यात ठाणे स्टेशनबाहेर पळसाच्या पानावर करवंदांचे वाटे लावून बसलेल्या बायका दिसतात ना? त्यातल्या कितीतरी जणी पाट्या घेऊन कसारा लोकलच्या लगेज डब्यातून उतरतात. शहापूर तालुक्यातलं तानसाचं पाणी मुंबई 1892 पासून पितेय, ते वेगळंच. त्यावर पुढचा लेख लिहितोय. तिथेही भांडायला जरूर या.