डोळ्यांत बघून बाग देऊ नका, काका

"व्यापारी पैसे बुडवणार का, हे त्याच्या डोळ्यांत दिसतं, अमेरिकेत शास्त्रज्ञांनी कॅमेरा लावून सिद्ध केलंय." हा मेसेज मी हसून सोडून दिला होता. परवा निफाडहून काकांचा फोन. "व्यापारी पोरगा सरळ डोळ्यांत बघून बोलला, बुबुळ मोठं झालं नाही. विसार मागितलाच नाही मी." दोन एकर द्राक्षं, विसाराशिवाय!

प्रयोग खरा आहे, 2010 सालचा, वांग, स्पेझिओ आणि कॅमेरर यांचा. एका खेळाडूला 1 ते 5 मधला खरा आकडा कळतो. तो दुसऱ्याला आकडा सांगतो आणि फुगवून सांगण्यात त्याचा फायदा असतो. पडद्यावर दोघांना मिळू शकणाऱ्या रकमा असतात; त्याची नजर कुठल्या रकमेवर किती रेंगाळली, हे कॅमेरा टिपतो. पडद्यावरच्या रकमेवर! समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा प्रश्नच नव्हता. नजर आणि सांगितलेला आकडा जुळवून खरा आकडा ओळखता आला, तो गेम थिअरीच्या (डावपेचांच्या गणिताच्या) अंदाजापेक्षा सुमारे दुप्पट वेळा. दुप्पट म्हणजे दरवेळी नव्हे.

आता ते बुबुळ. आधी तर मोठी होते ती बाहुली. थापा मारताना ती रुंदावत होती, हे त्या प्रयोगात दिसलं, मान्य. पण ते यंत्राने मोजलेलं, मिलिमीटरच्या अंशातलं. काका मोजणार कशाने? उन्हातून मांडवाखाली आलं की कुणाचीही बाहुली मोठी होते. डोक्यात आकडे धरून ठेवतानाही होते. कानमन आणि बीटी या मानसशास्त्रज्ञांनी हे 1966 मध्येच दाखवलंय. म्हणजे क्रेटचा हिशेब मनात करणारा प्रामाणिक व्यापारी चोर, आणि बुडवायचंच ठरवून निवांत बसलेला साव!

खोटं बोलणारा उजवीकडे वर बघतो म्हणे. 2012 मध्ये तपासलं, काही निघालं नाही. पुढे.

नजरेवरून विचाराची दिशा कळते, एवढं मात्र नाइलाजाने कबूल. 2002 च्या एका प्रयोगात तीन फेऱ्यांची घासाघीस होती, दर फेरीला रक्कम घटणारी. रकमा चौकटींत झाकलेल्या, माउस नेला की उघडायच्या. बरेच जण पहिल्याच रकमेवर घुटमळले. काहींनी पुढच्या चौकटी उघडल्याच नाहीत. मला तर त्यात काकाच दिसले: नजर किलोच्या भावावर, आणि माल गेल्यावर पैसे न देण्यात त्या पोराचा किती फायदा आहे ती चौकट बंद.

"आधारची झेरॉक्स घेतलीत? चेक?" मी विचारलं.

"अरे, द्राक्षांचा खुडा उद्या सकाळी सातला आहे," काका म्हणाले.