कचरा आलाय!

"कचरा आलाय," ते म्हणाले. अजून मी पान्याला हातही लावला नव्हता.

जुनी मोटारसायकल स्टँडवर चढवून तिच्याशेजारी उकिडवं बसलं, की कुठून तरी एक गृहस्थ उगवतातच. आज उगवलेल्यांच्या काखेत छत्री होती आणि घड्याळाच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. छत्रीच्या टोकानं इंजिनाला ढोसत त्यांनी एकामागून एक निदानं केली. प्लग बदला. मेन जेट बदला. जमल्यास गाडीच बदला.

आता तक्रार अशी होती, की गाडी आयडलिंगला, म्हणजे मूठ न पिळता, बंद पडायची आणि चोक ओढला की सुतासारखी चालायची. चोक पेट्रोलचं प्रमाण वाढवतो; त्यावर सुधारते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. प्लगही पांढरट होता. पेट्रोल जास्त असतं तर त्यावर काळी काजळी धरली असती. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. यात मेन जेटचा काही संबंध नाही. त्याचं राज्य मूठ पाऊणच्या पुढे पिळल्यावर सुरू होतं. पाव ते पाऊणमध्ये मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडची सुई कारभार बघते. तिची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. आयडलिंगपासून मूठ जेमतेम हलेपर्यंत सगळं पायलट जेटवर. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे कचराच."

कचरा होताच, हे कबूल करायला अजूनही जड जातंय. पण कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या इनटेकच्या रबराला चीर गेली तरी हीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी इंजिन चालू ठेवून त्या रबरावर कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारायचा, गरम सायलेन्सरपासून जपून. इंजिनचा आवाज बदलला तर चीर आहे. बदलला नाही. मग पेट्रोलचा कॉक बंद केला आणि फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी, उतरवला. तळाला शिळ्या पेट्रोलचा चिकट पिवळा लेप होता. चेंबरचे चार स्क्रू सोडवण्यातच निम्मी सकाळ गेली, कारण जुन्या जपानी गाड्यांचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, खाचेचे असतात आणि आधीच्या कुणा महाभागानं साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर फिरवून त्यांची डोकी गुळगुळीत केली होती. असल्या माणसांना हत्यारं हातात घ्यायला परवानगीच नसावी.

पायलट जेट काढून फडक्यावर ठेवला आणि क्लीनर घ्यायला वळलो. परत बघतो तर काकांनी घड्याळाच्या पट्ट्याची पिन काढून जेटमध्ये खुपसलेली, आणि कान कोरावा तशी फिरवताहेत. "निघाला बघा कचरा!"

त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं आणि पितळ मऊ. पोलादी पिन आत फिरली की ते मोठं किंवा वेडंवाकडं होतं, आणि जेटवर कोरलेल्या मापाच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. जेट क्लीनरमध्ये बुडवून ठेवायचा, कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकायचा, उजेडाकडे धरायचा. पलीकडे स्वच्छ गोल ठिपका दिसला की झालं. मी उजेडाकडे धरला. ठिपका पपईच्या बीसारखा लांबुळका दिसला. नवा जेट आता मागवावा लागणार, तोही त्याच नंबरचा मिळाला तर.

"आता हा स्क्रू गच्च आवळा, ॲव्हरेज वाढेल," काकांची छत्री एअर स्क्रूवर टेकली. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो. आवळला की हवा कमी होते, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि ॲव्हरेज उलट पडतं. स्क्रू इंजिनच्या बाजूला असला तर हिशेब उलटा. गच्च तर कुठलाच आवळायचा नाही, टोक मोडून कार्बोरेटरच्या अंगात अडकतं. हलक्या हातानं टेकवायचा, दीड आटा सोडायचा, इंजिन गरम झालं की आवाज सर्वांत चढेल तिथे ठेवायचा आणि मग आयडलिंग उतरवायचं. हे सगळं मी, खरं सांगायचं तर, जरा ओरडूनच सांगितलं.

काकांना राग आला नाही. त्यांनी पिन पुसून पट्ट्याला लावली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "विकायची आहे का?"

"नाही."

"बघा. मी घेतली असती," टाकीवर छत्री टेकवत ते म्हणाले, "पण भाव कमी करावा लागेल. जेटचं भोक मोठं झालंय."